लसीकरणाच्या दिवशी आईचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचार मोफत मिळू लागल्याने, ज्यांना खासगी इस्पितळाचा लाखोंचा खर्च कधीच झेपला नसता अशा गोमंतकीय जोडप्यांना मोठा आधार झाला आहे आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन केलेच पाहिजे. मात्र एकदा पाळणा हलला की आईच्या मनाचे काय होते, हे पाहणारी व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही.

सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करताना लसीकरणाचा दिवस मी वर्षानुवर्षे पाहिला. बाळाला काट्यावर ठेवायचे, वजन कार्डावर लिहायचे, लस टोचायची, ताप आला तर काय करायचे ते सांगायचे. 'तू बरी आहेस ना?' असे आईला विचारले, तर 'बरी आहे ती' हे उत्तर बहुधा मागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडून येई आणि ती खाली मान घालून बाळाचे दुपटे सारखे करीत राही.

हा प्रश्न गोव्याला नवा नाही. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणेही त्यात स्पष्ट दिसली.

वंध्यत्वाच्या उपचारांनंतर आई झालेल्या स्त्रीची कोंडी तर अधिकच. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, तरी तपासण्यांची सुरुवात तिच्यापासून होते आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी महिनोन्‌महिने लांबते. नवस, इंजेक्शने, हळदीकुंकवात टाळले जाणे, हे सारे सोसून मूल हाती आल्यावर तिला रडू आले, तर 'इतक्या वर्षांनी देवाने दिले, आता रडतेस कशाला?' असे घरचेच विचारतात. मग ती बोलायचीच थांबते.

पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी टिकली, बाळ झोपले तरी झोप लागेना, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर उपचार हवेत. जीव द्यावासा वाटणे किंवा भास होणे असे काही दिसल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, त्यामुळे दूध तुटेल या भीतीने थांबू नये.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे, की सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाला आईला नातेवाइकांपासून बाजूला बसवून बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारावेत. त्याला काही मिनिटे पुरतात. गरज भासल्यास तिला बांबोळीच्या मनोरुग्णालयाकडे, म्हणजे आयपीएचबीकडे, पाठवावे. स्वतः आई असलेल्या सामान्य बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवण्याचा प्रयोग गोव्यातच झाला आहे व त्याने बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. तो प्रत्येक तालुक्यात न्यावा. तोवर निदान बाळाच्या लसीकरण कार्डावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली