उंदरांच्या खाद्यात सेलेनियम निम्मेच : बदली खाद्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : प्रयोगासाठी पुरवलेल्या खाद्यातील सेलेनियमचे चुकीचे प्रमाण

महोदय,

आपल्याकडून दोन प्रकारचे खाद्य मागवले होते. एकात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम (शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारे मूलद्रव्य), म्हणजे उंदराची गरज भागेल इतपत. दुसऱ्यात एकूण २ मिलिग्रॅम. पहिले बरोबर आले. दुसऱ्यात तपासणीअंती जेमतेम १ मिलिग्रॅम निघाले, तेही पोत्याच्या वरच्या थरात कमी आणि तळाशी जास्त.

चूक आपल्याच लेबलवर दिसते : ‘सोडियम सेलेनाइट १.८५ मिग्रॅ’. मूळचे ०.१५ वजा जाता १.८५ मिलिग्रॅम सेलेनियम घालायचे होते. आपण तेवढ्या वजनाचा क्षार घातला. या क्षारात सेलेनियम ४५.७ टक्केच असते, म्हणजे किलोमागे ४.०५ मिलिग्रॅम क्षार लागत होता.

हा फरक किरकोळ नाही. डायइथिलनायट्रोसामीन हे कर्करोग घडवणारे रसायन दिल्यावर यकृतात कर्करोगपूर्व पेशींचे जे पुंजके उठतात, ते सेलेनियममुळे किती घटतात हेच मोजायचे आहे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे सेलेनियमवर अवलंबून असलेले एन्झाइम साध्या खाद्यावरच जवळपास कमाल पातळी गाठते. संरक्षण दिसते ते त्याहून बऱ्याच वरच्या मात्रेला. त्यात सेलेनियमपासून शरीरात बनणाऱ्या मिथाइलयुक्त संयुगांचा मोठा वाटा मानला जातो. म्हणूनच हे एन्झाइम तपासून अशी चूक सापडत नाही, खाद्यच तपासावे लागते. मात्रा वाढली तरी पंचाईत : किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे सेलेनियमच यकृताला बाधते, उंदीर कमी खातात, आणि नुसत्या कमी खाण्यानेही गाठी घटतात. मग श्रेय कोणाला द्यायचे?

अहवाल हाती येईपर्यंत उंदरांना रसायन टोचून झाले होते. ते आता दुसऱ्या कोणत्याही प्रयोगाला चालणार नाहीत. साध्या हिशेबाच्या चुकीपायी इतके जीव वाया गेले, याचे फार वाईट वाटते.

खाद्य विनामूल्य बदलून द्यावे. १०० किलोसाठी ४०५ मिलिग्रॅम सेलेनाइट पाण्यात विरघळवून थोड्या मक्याच्या स्टार्चवर फवारावे, वाळवून बारीक दळावे आणि दरवेळी साधारण तेवढेच खाद्य मिसळत प्रमाण वाढवत न्यावे. एकदम मोठ्या मिक्सरमध्ये टाकले की असे थर पडतात. या पूर्वमिश्रणात क जीवनसत्त्व नको. त्याने सेलेनाइटचे लालसर मूलद्रव्यी सेलेनियम होते आणि ते अंगी फारसे लागत नाही.

दोन्ही खाद्यांच्या प्रत्येक घाण्यातील वरच्या, मधल्या व तळाच्या नमुन्यांचा अहवाल सोबत हवा. त्यात आकडा क्षाराचा नको, सेलेनियमचा हवा.

कळावे,
प्रयोगशाळा प्रमुख