मृणालला, गाडीबद्दल

सोलापूर,
मंगळवार, १९ मे

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र गाडीबद्दल आहे. बाकी काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. फोनवर आपलं दोन वाक्यांपुढे जात नाही; तू म्हणतेस मीटिंग आहे, मी म्हणतो आईला देतो. काल पहाटे तू पुण्याला निघालीस, साडेनऊला ‘पोचले’ असा मेसेज आला, पण माझा जीव काही खाली बसेना. म्हणून कागद घेतला.

शनिवारी रात्री तुला घरी यायला पाऊण वाजला. हडपसरला ट्रॅफिक लागलं म्हणालीस. पिठल्याचे चार घास खाल्लेस आणि झोपलीस. रविवारी सकाळी मी सवयीनं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीला, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, वरून दोन ठिकाणी तार पिळून तिचं टोक आत वळवलेलं. टाकीत हिरवं कुलंट नाही, गढूळ पाणी. बॉनेटच्या आतल्या बाजूला वाळलेले हिरवे शिंतोडे. बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला यापुढे कुणाला काही विचारावं लागत नाही. आणि फास्टॅगचे मेसेज माझ्या मोबाइलवर येतात, हे तू विसरलीस. वरवड्याचा नाका ९.५२, सावळेश्वरचा १२.१४. मधलं अंतर पाऊण तासाचं. म्हणजे दीड तास तू हायवेच्या कडेला अंधारात उभी होतीस. एकटी. आणि मी इथे पंखा लावून झोपलो होतो.

करायचा की गं एक फोन.

असो. गाडीबद्दल लिहितो.

तू उठायच्या आत मी गाडी सात रस्त्याला सलीमभाईंकडे नेली. रविवार असूनही त्यांनी शटर उघडलं. वरचा आणि खालचा दोन्ही होज बदलले, कारण एक फुटला की दुसरा त्याच वयाचा असतो. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकणही नवं टाकलं. ते गढूळ पाणी काढून दोनदा धुतलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, तुला माहीत आहे. आईच्या कुकरच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आता अर्धं कुलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर आहे. इंजिन तापल्यावर खरी भीती हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलची. म्हणून ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस आहे का पाहिलं, टाकीत बुडबुडे येतात का पाहिलं, मागून पांढरा धूर पडतो का पाहिलं. यातलं काहीच नव्हतं. होटगी रोडनं विमानतळापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, एसी लावून. काटा मधोमध राहिला. तेव्हाच तुला काल जाऊ दिलं. घरी आल्यावर ‘सिद्धेश्वराला जाऊन आलो’ म्हणालो, तेही खोटंच. तू गप्प, मी गप्प.

एक सांगतो. होज फुटून पाणी सगळं निघून गेलं, की कधी कधी काटा वर चढायच्या ऐवजी खाली येतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. भलेभले ड्रायव्हर तिथे फसतात. थंड झाली म्हणून पुढे दामटतात आणि हेड वाकवून ठेवतात. तू फसली नाहीस. वेळेत इंजिन बंद केलंस. सलीमभाई म्हणाले, ‘साहेब, पोरीनं इंजिन वाचवलं.’ मी काही बोललो नाही, पण दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होतो.

पुन्हा असं झालं तर एसी बंद कर आणि हीटर पूर्ण चालू कर, पंखा मोठा ठेवून. उकाड्यात जीव जाईल, पण इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. गाडी बाजूला घेण्यापुरता वेळ मिळतो. झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, अर्धा तास तरी थांबायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. त्रिकोण गाडीच्या मागे चांगला लांब ठेव. आणि तू स्वतः गाडीत बसू नकोस, मागून ट्रक येतात. रेलिंगच्या पलीकडे उभी राहा. हायवेचा मदतीचा नंबर १०३३ आहे, तो मोबाइलमध्ये घालून ठेव. पण त्याच्या आधी मला. मी तिथे पोचून काय करणार होतो, असं तुला वाटेल. बाळूदादाची गाडी घेऊन तासाभरात आलो असतो. नसतो आलो, तरी फोनवर दीड तास बोलत बसलो असतो.

बघ, सुरू झालं माझं. आई मागून वाचून म्हणतेय, ‘पोरगी तीसची झाली, तिला काय एबीसी शिकवताय?’ बरोबर आहे तिचं. रागावू नकोस.

दसऱ्याला गाडी आणली, ६ ऑक्टोबर २०११. तू तेव्हा दहावीत होतीस. देवळापुढे नारळ फोडला आणि तू चाकाखालचं लिंबू बघायला वाकलीस, तर आई केवढी ओरडली होती. सीटवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं काढू दिलं नाही तिनं, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या तरी. पहिल्याच आठवड्यात अक्कलकोट, मग तुळजापूर. तुळजापूरच्या घाटात तू म्हणालीस, ‘बाबा, एसटीपेक्षा हिचा आवाज किती कमी आहे.’ माझी सगळी नोकरी लेलँडच्या इंजिनांच्या आवाजात गेली, त्यामुळे मला ते शांत वाटणं खरंच अंगावर आलं. होम मैदानावर सकाळी सहाला तुला शिकवायला न्यायचो. तू क्लच सोडायचीस आणि गाडी बेडकासारखी उडायची. तिसऱ्या दिवशी तू स्वतःहून म्हणालीस, ‘थांबा, आवाज बदलला की सोडते.’ आवाज ऐकून क्लच सोडणारी माणसं मी वर्कशॉपमध्येही फार पाहिली नाहीत. अण्णा तेव्हा हयात होते. ते मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसायचे.

आता दिवाळीचं. ते मला लिहायचं नव्हतं, पण टाळून पुढे जाता येत नाही.

तू म्हणालीस, पेट्रोलची छोटी नवी घेऊ, हप्ता मी भरते. मी गाडीच्या खर्चाची वही काढली. तुला सगळं वाचून दाखवलं. त्या वर्षाचा खर्च ५८,३०० रुपये, त्यात चार टायर, लोअर आर्म, बुश आणि बॅटरी. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. तुझा हप्ता साडेतेरा हजारांचा, इन्शुरन्स वेगळा. इंजिन अजून उघडलेलं नाही, ऑइल खात नाही. आपली सोलापूरची हवा कोरडी म्हणून खालचा पत्रा अजून खणखणीत आहे. इंजिन गेलं तर बांधता येतं, पत्रा सडला की गाडी संपली, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगितलं. हिशोबात मी चुकलो नव्हतो. पण शेवटी जे बोललो, कर्ज काढून मिरवायची हौस म्हणून, ते बोलायला नको होतं. तू चहा तसाच ठेवून उठलीस. त्या दिवसापासून तू गाडीबद्दल एक शब्द तक्रार केलेली नाहीस. जवळजवळ सात महिने. मला वाटलं, गाडी चांगली चालतेय.

आमच्याकडे ड्यूटीवरून आलेला ड्रायव्हर गाडीचं जे काही जाणवलं ते लिहून द्यायचा. ब्रेक एका बाजूला ओढतो, तिसऱ्या गिअरला आवाज येतो. जो लिहायचा त्याची गाडी आम्ही रात्रीत नीट करायचो. काही जण लिहायचे नाहीत, कारण लिहिलं तर आमच्यातलाच कुणी तरी त्यांच्यावर खेकसायचा. त्या खेकसणाऱ्यांत मीही होतो. शनिवारी तुझा फोन का आला नाही, हे मला रविवारी रात्री कळलं.

तू झोपल्यावर मी खाली जाऊन गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर. समोर स्टिअरिंगच्या मधोमध नुसतं हॉर्नचं बटण. त्यामागे एअरबॅग नाही. ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. आपण घेतली तेव्हा त्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागत होतं आणि पी.एफ.मधून काढलेले पैसे तिथपर्यंत पुरले नाहीत. २०१९ पासून नव्या गाडीत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. हे मला दिवाळीतही माहीत होतं. माझ्या वहीत ऑइलचा रकाना आहे, डिझेलचा आहे, टायरचा आहे. हा रकाना मी कधी आखलाच नाही. दर पंधरा दिवसांनी तू अडीचशे किलोमीटर येतेस आणि तेवढंच परत जातेस, निम्मं अंधारात, आणि मी इथे पाच हजार आणि साडेतेरा हजार यांची वजाबाकी करत बसलो होतो.

म्हणून आता माझं म्हणणं ऐक. ऑक्टोबरमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. फिटनेस तपासून आरटीओत पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, फी पाच हजार आणि पर्यावरण कर वेगळा. सोलापूर त्या तेरा शहरांत होतं जिथे एप्रिल २०१० मध्येच बीएस-४, म्हणजे धुराचा कडक नियम, आलं, म्हणून आपलीही बीएस-४ आहे. पीयूसी दर वेळी पहिल्या फटक्यात होते. तपासणीत ती पास होईल, मला शंका नाही. पण पास झाली तरी ती तू चालवायची नाही. ती इथे राहू दे. मी आणि आई पंढरपूर-अक्कलकोट करू, उजेडी, चाळीस-पन्नासच्या वेगानं. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, चाळीस हजारांच्या वरचं, तर त्या दिवशी मी स्वतः देऊन टाकीन. एजंट नव्वद हजार म्हणतोय. सलीमभाईंना मी तसं सांगून ठेवलंय, म्हणजे माझाच पाय मागे आला तर ते आठवण करून देतील.

तुझ्यासाठी नवी बघ. नवीचा हप्ता जड वाटला तर २०२०च्या पुढची वापरलेली चालेल. तीस-चाळीस हजार किलोमीटर झालेली, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली. सौदा करायच्या आधी मला बोलाव, मी रेल्वेनं येतो. इंजिन गार असताना पहिल्यांदा सुरू करून दाखवा म्हणायचं. विकणारे आधीच गरम करून ठेवतात. रंगाची जाडी, दाराचे रबर, डिकीच्या तळाचा पत्रा मी बघतो. पैशाचं बोलू नकोस, दोन लाखांची एफडी जूनमध्ये मोडतेय. ती तुझ्या लग्नासाठी ठेवली होती, पण तू त्यावर काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून तो विषय इथेच थांबवतो.

तोपर्यंत हीच गाडी आहे, तर तीन कामं राहिलीत. टायमिंग बेल्ट १ लाख ९५ हजारांवर बदलला होता, आता काटा २ लाख ८६ हजारांवर आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी बसतं. पुढच्या खेपेला तो घालूनच पाठवीन. ब्रेक ऑइललाही दोन वर्षं होऊन गेली, ते ओलावा धरतं. आणि स्टेपनी. ती दिसायला कोरी आहे, कधी लागलीच नाही म्हणून. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या स्टेपनीवर ३४११ लिहिलंय. २०११चा चौतिसावा आठवडा. पंधरा वर्षांचं रबर आहे ते, शनिवारी टायर फुटला असता तर त्याच्यावर तू किती लांब आली असतीस? हे माझ्या हातून सुटलं. बाकी सगळं बघितलं आणि हेच सुटलं. पुण्यात आजच नवी टाकून घे, पैसे पाठवतो.

रात्री निघू नकोस. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नको, शनिवारी सकाळी नीघ. आईला भेटायला एक रात्र उशीर झाला तर काही बिघडत नाही. आणि निघालीसच, तर वरवड्याला एक मिस्ड कॉल दे. मी जागा असेन.

शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या आईनं डब्यात बांधल्यात, बाळूदादा गुरुवारी येतोय त्याच्याबरोबर पाठवते.

तो जुना होज मी टाकला नाही. खिडकीत ठेवलाय, पट्टीसकट. सलीमभाईंनी तार कापायला पक्कड घेतली तर मी म्हणालो थांबा, आणि सावकाश उलगडून पाहिली. आत ट्यूबचं टोक कापून तिरकं केलेलं होतं, म्हणजे पहिला वेढा उचलला जाऊ नये म्हणून. ढाब्यावरच्या कुणी बांधून दिली की तू बांधलीस? आलीस की सांग.

तुझा,
बाबा