जाहिरातीत ब्रशलेस, खोक्यात ब्रश्ड: जुन्या आरसी गाडीबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वापरलेल्या वस्तूंची ऑनलाइन विक्रीसेवा

विषय: १/१० मापाची जुनी ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश ही आरसी (रिमोटने चालणारी) गाडी वर्णनाप्रमाणे नसल्याने पूर्ण परतावा मिळण्याबाबत, तसेच संबंधित विक्रेत्याच्या इतर जाहिराती तपासण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून रु. २७,५०० भरून मागवलेल्या आरसी गाडीबद्दलची माझी तक्रार आपल्या ग्राहकसेवेने "वापरलेल्या वस्तूत किरकोळ झीज गृहीत धरावी" एवढ्या एका ओळीवर बंद केली आहे. ती पुन्हा उघडावी, यासाठी हे पत्र. झिजेबद्दल माझी तक्रार मुळात नाहीच. जुनी गाडी म्हटली की टायर थोडे गुळगुळीत असणार, चेसिसला ओरखडे असणार. भाव ठरतो तो हे धरूनच. तक्रार ही आहे, की जी वस्तू विकायला ठेवली होती ती आलीच नाही, दुसरीच आली.

जाहिरातीतला मजकूर असा होता: "स्लॅश टू व्हील ड्राइव्ह व्हीएक्सएल, ब्रशलेस, ३एस रेडी, टॉप स्पीड १०० किमी, फक्त दोन-तीन वेळा चालवलेली, ५००० एमएएच २एस लायपो नवीन, टीक्यूआय रिमोट." यातले व्हीएक्सएल म्हणजे स्लॅशची ब्रशलेस मोटरची आवृत्ती, लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, २एस किंवा ३एस म्हणजे तिच्यातले दोन किंवा तीन सेल, आणि टीक्यूआय हे रिमोटचे मॉडेल. बहुतेक फोटो उत्पादकाच्या कॅटलॉगमधले, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. विक्रेत्याने स्वतः काढलेला फोटो एकच, तोही बॉडी चढवलेल्या गाडीचा. वरची बॉडी म्हणजे रंगवलेले पातळ पॉलिकार्बोनेटचे कवच. ते या मापाच्या इतर स्लॅशवरही बसते. त्यावरून आत काय आहे, हे कुणालाही सांगता येणार नाही.

आधी मोटर. ब्रश्ड मोटरमध्ये वीज घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशांतून आत जाते, ब्रशलेसमध्ये असे ब्रश नसतात. क्लिपा काढून बॉडी उचलली की एकही स्क्रू न खोलता दिसते: स्पीड कंट्रोलरकडून (मोटरला कमी-जास्त वीज देणाऱ्या भागाकडून) मोटरकडे दोनच वायरी जातात. ब्रशलेस मोटरला तीन लागतात. यात मतभेदाला जागा नाही. मोटरवर टायटन १२टी आणि कंट्रोलरवर एक्सएल-५ असे छापलेलेही आहे. म्हणजे ही स्लॅशची ब्रश्ड आवृत्ती. व्हीएक्सएलमध्ये व्हेलिनिऑन ३५०० ही ब्रशलेस मोटर आणि तिचा वेगळा कंट्रोलर येतो. गाडीचा सांगाडा दोन्हींचा बराचसा सारखा, किमतीत मात्र मोठा फरक, आणि तो फरक मुख्यतः या दोन भागांचा असतो. मी पैसे मोजले ते त्या दोन भागांसाठी.

"बॉडी काढल्यामुळे परतावा देता येणार नाही" असेही आपल्या प्रतिनिधीने सांगितले. बॅटरी लावण्यासाठी बॉडी दर वेळी काढावीच लागते. एवढी माहिती नसलेल्या माणसाकडे ही तक्रार पुन्हा देऊ नये, ही विनंती.

वेगाचा दावा तर कागदावर पाच मिनिटांत तपासता येतो. मोटरवरच्या पिनियनला (छोट्या गिअरला) १९ दात आहेत, तो फिरवतो त्या मोठ्या स्पर गिअरला ८६, आणि आतल्या ट्रान्समिशनचे प्रमाण २.७२. गुणाकार-भागाकार केला की मोटरच्या १२.३१ फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. चाकाचा व्यास सुमारे १०९ मिमी, म्हणजे परीघ ०.३४२ मीटर. ताशी १०० किमी म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर. त्यासाठी चाक मिनिटाला सुमारे ४,८७० वेळा आणि मोटर सुमारे ६०,००० वेळा फिरायला हवी. ७.४ व्होल्टवर चालणारी ५५० आकाराची ब्रश्ड मोटर या आकड्याच्या जवळपासही जात नाही. खरी व्हीएक्सएल असती, तिला ११.१ व्होल्टची ३एस बॅटरी लावली असती, तरी ३५०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेऱ्या) हिशेबाने बिनभाराच्या ३८,८५० फेऱ्या होतात आणि याच गिअरवर ताशी ६५ किमीपर्यंतच मजल जाते. उत्पादक ताशी ६० मैलांहून जास्त वेग सांगतो तो ३एस बॅटरी आणि वेगळे, वेगासाठीचे गिअर बसवून. विक्रेत्याने ती ओळ उचलली, अटी गाळल्या आणि वेगळ्याच मोटरच्या गाडीला चिकटवली. या गाडीसाठी उत्पादकाचाच दावा ताशी ३० मैलांच्या थोडा वर, म्हणजे पन्नासेक किमीचा आहे.

यातला सगळ्यात गंभीर शब्द "३एस रेडी" हा आहे. एक्सएल-५ कंट्रोलर २एस लायपोपर्यंतचाच. वर्णनावर विश्वास ठेवून कुणी त्याला ३एस जोडली, तर १२.६ व्होल्टवर भरलेला पॅक थेट त्यावर येतो. कंट्रोलर जळतो, मोटर तापून जाते, आणि प्लग वेळेत ओढला नाही तर बॅटरीही धोक्यात येते. या गाड्या मुले चालवतात. बाकीच्या खोटेपणात माझे पैसे बुडतात. यात कुणाचा हात भाजेल.

आता बॅटरी. ती गाडीत बसवून, कनेक्टर जोडलेल्या अवस्थेत कुरियरने आली. कडक कवचाचा सांधा एका बाजूने उघडला आहे, म्हणजे आतले सेल फुगले आहेत. बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या छोट्या प्लगवर) मल्टिमीटर लावला तेव्हा एक सेल ३.६ व्होल्ट आणि दुसरा २.४ व्होल्ट दाखवत होता. लायपोचा सेल भरलेला असताना ४.२, ठेवणीत ३.८ च्या आसपास असतो आणि ३ च्या खाली गेला की त्याची हानी सुरू होते. २.४ वर पडून राहिलेला, त्यात फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नये, हा या छंदातला पहिला धडा आहे. म्हणून मी तो चार्ज केलेला नाही, करणारही नाही.

हे कशाने झाले, याचा अंदाज गाडीतच मिळतो. एक्सएल-५ मध्ये व्होल्टेज कमी झाले की मोटरची वीज तोडण्याची सोय असते. ती चालू असेल तर कंट्रोलरचा दिवा हिरवा लागतो, बंद असेल तर लाल. माझ्याकडची चांगली बॅटरी लावून पाहिले, दिवा लाल लागला. निकेल मेटल हायड्राइड पॅकसाठी ही मांडणी ठीक आहे. लायपोवर अशी गाडी चालवली की ती मंदावत मंदावत थांबेपर्यंत सेल पिळून निघतात. विक्रेत्याला हे माहीत नसेलही. पण मग "नवीन" हा शब्द त्याने कोणत्या आधारावर लिहिला?

"दोन-तीन वेळा चालवलेली" याबद्दल फार लिहीत नाही, फोटो पुरेसे बोलके आहेत. मागच्या टायरांचे काटे मधोमध जवळजवळ सपाट झाले आहेत. मागच्या आर्मची (चाक धरणाऱ्या दांडीची) पिनेची भोके लांबट झाल्याने चाक हाताने हलवले की खुळखुळते. ५×११×४ मिमीच्या दोन बेअरिंगांमधून तांबूस गंज बाहेर आला आहे आणि ती फिरवताना खरखरतात. चेसिसच्या कोपऱ्यांत बारीक वाळूही आहे. पाण्यात किंवा ओल्या वाळूत चालवून न धुता, न वाळवता ठेवलेल्या गाडीची ही लक्षणे. एका शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल गळून गेले आहे, त्यामुळे गाडी एका अंगाला कलते. दोन-तीन वेळांत यातले एखादे होऊ शकते, सगळे नाही. रिमोटही टीक्यूआय नसून साधा टीक्यू आहे.

खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, तेव्हापासून परदेशी आरसी गाडी नवी घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. जुन्या गाड्यांकडे लोक वळतात ते त्यामुळे, आणि त्यांतले बरेच पहिल्यांदाच घेणारे असतात. "डोळे उघडे ठेवून घ्यावी" हा सल्ला त्यांना देऊन काय उपयोग? पाहायला मिळते ती फक्त बॉडी.

"विक्रेता खासगी व्यक्ती आहे, आम्ही केवळ मंच आहोत" असे आपण म्हणू शकता. पण याच विक्रेत्याच्या नावावर आज डझनाहून अधिक आरसी गाड्या विक्रीला आहेत, आणि दोन जाहिरातींत तर हेच कॅटलॉगचे फोटो आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधली सूट स्वतःची एखादी वस्तू विकणाऱ्याला आहे, नियमितपणे धंदा करणाऱ्याला नाही. वस्तूचे वर्णन आणि चित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळतील, अशी हमी विक्रेत्यांकडून घेण्याची जबाबदारी त्याच नियमांनी आपल्यावर टाकली आहे. विक्रेत्याच्या नावापुढे "तपासलेला विक्रेता" अशी हिरवी खूण आपणच लावली आहे. ती केवळ मोबाइल क्रमांक पडताळल्याची असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

माझी मागणी रु. २७,५०० आणि पाठवणी खर्च मिळून पूर्ण परताव्याची आहे. विक्रेत्याने फोनवर रु. २,००० परत देऊ केले होते. त्यात ब्रशलेस मोटर आणि कंट्रोलर येत नाही, म्हणून ते मान्य नाही. गाडी आणि रिमोट परत न्यायला माणूस पाठवावा. बॅटरी मात्र कुरियरने पाठवणार नाही. फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे आणि पार्सल कोणत्या मार्गाने जाईल हे माझ्या हातात नाही. ती ई-कचरा संकलन केंद्रात देऊन पावती आपल्याला पाठवीन. "मूळ खोक्यात, सर्व वस्तूंसह" ही परताव्याची अट त्यापुरती शिथिल करावी.

शिवाय आरसी गाड्यांच्या जाहिरातीत काही फोटो सक्तीचे करावेत: बॉडी काढून मोटर व तिच्या वायरी दिसतील असा एक, चेसिसच्या तळाचा एक, कंट्रोलर आणि रिमोटवरच्या नावाचा एक, आणि लायपो असेल तर प्रत्येक सेलचे व्होल्टेज दाखवणाऱ्या मीटरचा एक. चाके वर उचलून थ्रॉटल आणि स्टिअरिंग दोन्ही दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही घ्यावी. निर्मळ मनाने विकणाऱ्याला हे करायला दहा मिनिटे लागतात.

खोके उघडतानाची सलग चित्रफीत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सेलच्या मोजणीचे फोटो आणि देयकाची प्रत सोबत जोडली आहे. नियमांप्रमाणे ४८ तासांत या पत्राची पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ती माझ्या राहत्या जिल्ह्यातच करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. तोपर्यंत या विक्रेत्याच्या "३एस रेडी" लिहिलेल्या जाहिराती तरी आजच थांबवाव्यात.

आपला,
एक ग्राहक
पुणे