लायबेरियात पहारा दिलेल्या चोपड्याच्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

अभ्यासिकेत येऊन बोललात, त्याबद्दल फोनवर आभार मानून झालेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण चोपड्यात तुमची ओळख अजून 'सीआरपीएफमधून रिटायर झालेल्या बाई' एवढीच आहे.

आमच्या पोरी पोलीस भरतीच्या. पहाटे आठशे मीटर, मग गोळाफेक, दुपारी सामान्य ज्ञान. 'संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली जगातली पहिली महिला पोलीस तुकडी भारताची, २००७, लायबेरिया' ही ओळ त्यांना पाठ होती. एका मार्काचा प्रश्न. त्या मोहिमेवर जाऊन आलेल्या तुम्ही त्यावर अख्खी दुपार घालवलीत.

पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात आपसातली लढाई १९८९ ला पेटली आणि मधल्या थोड्या वर्षांचा अपवाद सोडता २००३ पर्यंत चालली. त्यात वर्दीवालेही लुटणाऱ्यांत होते. मग शांतता करार झाल्यावर लोकांनी ठाण्याची पायरी का चढावी? तिथून तुम्ही सुरुवात केलीत. नव्याने उभारणी करायची कामं बाहेरच्यांनी वाटून घेतली होती: पोलीस संयुक्त राष्ट्रांकडे, सैन्य अमेरिकेकडे. जुनं सैन्य सगळंच घरी पाठवून सुमारे २,००० जणांचं नवं उभं केलं. उमेदवारांचे फोटो लोकांपुढे ठेवायचे, म्हणजे 'यानेच आमचं घर जाळलं' असं कुणालाही येऊन सांगता यावं. आपल्याकडे चारित्र्य पडताळणी म्हणजे ठाण्यातून मिळणारा एक कागद. तिथे पडताळणी गावाने करायची! यावर पोरींत जी वादावादी झाली ती तुम्ही गेल्यावरही संध्याकाळपर्यंत चालू होती. जुन्या दुष्मनीतून कुणी खोटंच नाव घेतलं तर, हा मुद्दा एकीने काढला. मला तो बिनतोड वाटला.

पगाराचं तुम्ही अहिराणीत सांगितलंत, म्हणून ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं: "शिपाईले पगार येळवर भेटाले जोयजे, नहीं ते तो रस्तावर हात पसरस." प्रशिक्षण देऊन, गाड्या देऊन पाहुणे परत जातात, डिझेल आणि पगार त्या देशालाच भरावा लागतो. एवढ्या मोठ्या विषयावर इतकं सरळ बोललेलं मी क्वचितच ऐकलंय.

पण मला सर्वांत लागली ती दाखल्याची गोष्ट. पोलिसांत वीस टक्के बायका आणायचं ठरलं, आणि शाळा पुरी केलेल्या मुलीच पुरेशा मिळेनात. लढाईच्या वर्षांत कोण शिकणार? म्हणून झटपट अभ्यासक्रम काढून त्यांना त्या पातळीला आणलं. नंतर काहींना तक्रार नीट लिहून घेणं जड गेलं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आमच्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलींची शाळा मध्येच सुटलेली असते. त्यांच्यातल्या दोघी तुमच्यासमोरच बसल्या होत्या. त्या दिवसापासून रोज एक फिर्याद मराठीत लिहायचा सराव आम्ही सुरू केलाय, त्याचं श्रेय तुमचं.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर थोडं भांडते. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सतरावर गेलं, ते तुमच्या तुकड्यांमुळे, असं संयुक्त राष्ट्रं म्हणतात. तुम्ही हात झटकलेत: "आम्ही राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीवर पहारा दिला, रात्रीची गस्त घातली, गर्दी आवरली. भरती त्यांच्या सरकारने केली." बरोबर आहे, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी एलेन जॉन्सन सरलीफ होत्या, आणि त्यांची इच्छा नसती तर काहीच हललं नसतं. पण राजधानी मन्रोव्हियातल्या एखाद्या पोरीने गेटवर बंदूक घेऊन उभी असलेली बाई रोज पाहिली असेल, त्याचा हिशेब कोणत्या अहवालात मांडणार? मला तुमचं म्हणणं अर्धंच पटलं.

२०१६ च्या फेब्रुवारीत तुकडी परतली, त्याच वर्षी सुरक्षेची जबाबदारी लायबेरियाच्या हाती गेली आणि २०१८ च्या मार्चमध्ये मोहीम बंद झाली. त्यापुढचं तुम्ही घाईत उरकलंत, शेवटची एसटी होती म्हणून. तेव्हा पुन्हा यायचंय. केळीची कापणी आटोपली की कळवा, या वेळी गाडी आम्ही पाठवू. पोरींनी प्रश्न लिहून ठेवलेत. पहिलाच असा: नवं सैन्य कसं असावं हे ठरवताना तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

तुमची,
अभ्यासिकेची मॅडम