तलावावर गळ टाकण्याआधी ढिवर संस्थेची परवानगी हवी

महोदय,

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. परंतु बाहेरून येणारे बहुतेक पर्यटक नवेगाव-नागझिऱ्यात वाघ शोधून एका दिवसात परततात. नागपूरहून साकोलीपर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि तिथून पुढे जागोजागी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, लागतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर आजही धान पिकते. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे इथले लोक सांगतात.

इथे बाराही महिने यावे असे काही ना काही असते. पावसाळ्यात गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी घरटे करते (ती मात्र दुरूनच पाहावी), हिवाळ्यात पट्टकदंब आणि चक्रवाक पाण्यावर उतरतात, आणि उन्हाळ्यातही पहाटे इटियाडोह धरणाच्या काठावर फिरणे सुखाचे असते.

अलीकडे गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढलेली मला दिसते. त्यांचे स्वागतच आहे, पण एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पावसाळ्यात मरळ माशाची तांबूस पिले थव्याने पृष्ठभागावर येतात आणि त्यांची राखण करणारे आईबाप खालीच असतात. नेमका तो थवा हेरून गळ टाकला की मोठी मरळ हमखास लागते, पण मागे उरलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात. एका दिवसाच्या हौसेसाठी अख्खी वीण संपवणे मला अक्षम्य वाटते.

शिवाय हे पाणी बेवारस नाही. बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्या पैसे भरून मत्स्यबीज सोडतात, आणि काही गावांत तर ढिवर महिलांनी काठावरचे बेशरम नावाचे तण उपटून माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या तलावावर आलेल्या एका गटाने कुणालाही न विचारता दिवसभर मासे धरले आणि तुटलेल्या नायलॉनच्या दोऱ्या पाळीवरच टाकल्या. त्या दोऱ्यांत अडकलेला पाणकावळा मी स्वतः सोडवला.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला आणि पर्यटन खात्याला माझी विनंती आहे की, राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या तलावांवर गळाच्या मासेमारीसाठी दैनिक परवाना सुरू करावा, तो देण्याचा अधिकार आणि त्याचे शुल्क संबंधित ढिवर संस्थेला मिळावे, आणि जून ते सप्टेंबर मरळ धरण्यास पूर्ण मनाई असावी. डोंगा (लहान होडी) चालवण्यासाठी व वाट दाखवण्यासाठी संस्थेचाच माणूस सोबत घ्यावा, अशी अटही त्यात असावी.

आपला नम्र,
एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)