वहिनी, दुप्पट शिजव

मिसिसागा, कॅनडा
२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर तू फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होतास आणि कणीक मळत होतीस. मागच्या घड्याळात सव्वानऊ. ऑफिसची ओढणी अजून खांद्यावर, पिन लावलेली तशीच. मध्येच आवाज खाली आणून विचारलंस, "तुमच्याकडे लोक एकदाच रांधून फ्रीझरमध्ये भरून ठेवतात ना, ते खरंच चांगलं राहतं का गं?" मी तोंड उघडणार तोच आतून आईचा आवाज आला, "शिळं खायला घालणार असाल तर मला आधी सांगा!" तू हसून विषय बदललास.

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर दादा अंगठा टाकून मोकळा झाला असता. म्हणून हे पत्र. जेवणं झाली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

आधी आईशी बोलते. आई, पाऊस सुरू व्हायच्या आत आंब्याची शेवटची पेटी संपवायची म्हणून तू रस काढायचीस, साखर घालून त्या चपट्या स्टीलच्या डब्यात भरायचीस आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवायचीस. तो डबा दसऱ्याला बाहेर यायचा. झाकण इतकं गच्च बसलेलं असायचं की बाबा लाटण्याने कडेकडेने ठोकायचे. वरचा पांढुरका बर्फाळ थर मी आणि दादा चमच्याने खरवडून खायचो, त्यावरून भांडायचो. चार महिन्यांच्या त्या रसाला तू कधी शिळा म्हणाली नाहीस. जानेवारीत जांभळी नाक्यावरून पिशवी भरून मटार यायचे, सोलायला आख्खं घर बसायचं. ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचं, हेही तुझंच. त्या उकळीने मटारातली विकरं (रंग-चव बिघडवणारी एन्झाइम्स) निकामी होतात, म्हणून रंग आणि गोडी टिकते. तू ते कुठे वाचलं नव्हतंस, तरी बरोबर करत होतीस. तेव्हा इथल्या बायकांनी मला यात नवीन फारसं काही शिकवलं नाही. फ्रीझर फक्त मोठा दिला.

शिळं होतं म्हणजे काय, तर अन्नात जंतू वाढतात. साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते जोमाने वाढतात. उणे १८ ला त्यांचं काम थांबतं. मात्र ते मरत नाहीत, नुसते झोपतात. त्यामुळे डबा ओट्यावर सहा तास राहिला आणि मग फ्रीझरमध्ये गेला, तर झोपलेल्यांची फौजच आत गेली म्हणायची. सगळं पथ्य आहे ते फ्रीझरच्या आधी आणि नंतर.

आता वहिनी, तुझ्यासाठी. इथे काही जणी एका दिवसात महिन्याचं रांधतात. सकाळी आठला सुरू, रात्री पाय सुजलेले. मी एकदा केलं आणि पुढचे दोन दिवस मला फ्रीझरकडे बघवेना. तू सोमवार ते शुक्रवार ठाणे स्टेशनचा पूल चढून दहा नंबरच्या फलाटावर ऐरोलीची गाडी पकडतेस, तुझा रविवार शेगडीसमोर घालवायचा काहीही संबंध नाही. त्यापेक्षा दुप्पट शिजव. बुधवारी राजमा करतेसच ना, वाटीऐवजी दोन वाट्या भिजव. कुकर तोच, शिट्ट्या त्याच, घासायचं भांडंही तेच. अर्धा त्या दिवशी, अर्धा पिशवीत. छोले, चवळी, सोललेले वाल, सगळ्यांचं असंच. महिनाभरात न कळत दहा-बारा पिशव्या जमतात.

सगळ्यात कामाचं म्हणजे वाटण. कांदा-खोबऱ्याचं भाजून वाटलेलं वाटण फ्रीझरमध्ये झकास राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि मग वड्या काढून पिशवीत. आमटीला एक वडी, उसळीला दोन, रविवारच्या मटणाला चार. आपल्या स्वयंपाकातला वेळ खरा तिथेच जातो. भाजा, गार करा, मिक्सर लावा, मिक्सर धुवा. ते आधी झालेलं असेल तर उसळ वीस मिनिटांत होते. आणि फोडणी त्याच दिवशी ताजी घाल. जिरं-हिंग तडतडल्याचा वास आला की आईलासुद्धा पदार्थ शिळा वाटणार नाही, बघ.

पिशवीत भरताना हवा काढून तळहाताने दाबायची, बोटभर जाडीची चपटी करायची आणि ताटात आडवी ठेवून गोठवायची. मग त्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात, आपल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यातही वीसेक मावतील. चपटी करण्यात आणखी एक मख्खी आहे. अन्न हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशी फाडतात. वितळल्यावर सगळा लगदा. झटकन गोठलं की स्फटिक बारीक राहतात. इथे कॅनडाच्या पूर्व टोकाला लॅब्रडॉर आहे, तिथे १९१२ च्या सुमारास क्लॅरन्स बर्डसाय नावाचा अमेरिकन माणूस राहत होता. बाहेर काढलेला मासा त्या वाऱ्यात जागच्या जागी दगड होतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने तिथल्या इनुइट लोकांकडून पाहिलं. त्यावरून त्याने झटपट गोठवायची पद्धत बसवली आणि १९३० साली त्या पद्धतीचे पदार्थ अमेरिकेत दुकानात विकायला आले. आज माझ्या खिडकीबाहेर उणे १४ आहे, त्या माशाची मला चांगलीच कल्पना येते.

बटाटा मात्र चुकूनही गोठवू नकोस. पहिल्या हिवाळ्यात मी बारा वाट्या बटाट्याची रस्साभाजी गोठवली होती. गरम केल्यावर प्रत्येक फोड भिजलेल्या स्पंजासारखी, दाबली की पाणी. तुमचा जावई घरचाच असल्याने त्याने दोन वेळा खाल्ली, तिसऱ्या वेळी त्याने गुपचूप अंडी फोडली. दह्याची कढी फुटते. पनीर भुसभुशीत होतं, ग्रेव्हीत एक वेळ चालून जातं. काचेची बरणी काठोकाठ भरू नये; पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि बरणी तडकते. मी दोन घालवल्यात.

आणि नाव लिही! नाव आणि तारीख, प्रत्येक पिशवीवर. गोठल्यावर सगळं एकसारखं दिसतं. मागच्या वर्षी चार माणसं जेवायला बोलावली होती. पुऱ्या तळून झाल्या, आमरसाची केशरी पिशवी वितळवून वाट्यांत ओतली, वर वेलदोडा घातला. पहिला घास घेतलेल्या मैत्रिणीचा चेहरा बघून मी चाखलं. भोपळ्याचं सूप होतं. लसूण घातलेलं.

भाताबद्दल मात्र गंमत नाही. भातात एका जंतूची बीजं उकळूनही जिवंत राहतात. भात तसाच बाहेर राहिला की त्याचं विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. शिजवलेलं काहीही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे. ठाण्याच्या मे महिन्यात, पारा ३२ च्या वर असताना, एकच तास धर. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं की पटकन निवतं. काढायची पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेव, ओट्यावर नाही. गरम करताना नुसतं कोमट नको, चांगली उकळी. आणि एकदा गरम केलेलं परत आत जाणार नाही, उरलं तर दादाच्या पोटात जाईल. चव दोन-तीन महिने छान राहते, त्याच्या आत संपव.

लाइट गेली तर फ्रीझर उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला असेल आणि दार बंद असेल तर तो ४८ तास थंडी धरतो, अर्धा असेल तर २४. २६ जुलै २००५ ला आपण दर तासाला दार उघडून "अजून गार आहे का" बघत होतो, आठवतं? तसं करायचं नाही. एका वाटीत पाणी गोठव आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवून दे. गावाहून परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून परत गोठलंय असं समज आणि हळहळ न करता टाकून दे.

आता दादा. दादा, उठून जाऊ नकोस. इतकं सगळं लिहून शेवटी फ्रीझर भरायचं कामही वहिनीच्याच गळ्यात पडणार असेल, तर मी हे पत्र परत मागवते. पिशव्यांवर नावं घालणं, आदल्या रात्री खाली काढून ठेवणं आणि काय संपलं ते फ्रिजच्या दारावर लिहिणं हे तुझं. आणि कणीक. तू साडेनऊला निघतोस, ती पावणेआठला. सकाळी दहा मिनिटांत कणीक मळून, तेलाचा हात लावून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची. रंगाला जराशी काळपट होईल, चालतं. पोळ्या गोठवायचा उद्योग करू नका, इथे नाइलाज म्हणून आम्ही करतो. नौपाड्यात हाकेच्या अंतरावर पोळी-भाजी केंद्र आहे. आईचा गुडघा बरा होईपर्यंत आठवड्यातून दोनदा तिथून पोळ्या आल्या तर आभाळ कोसळत नाही. (आई, तुझं तोंड मला इथून दिसतंय.)

सुरुवात या शनिवारी वाटणापासून कर. मटार अजून स्वस्त असतील तर तेही घ्या. सोलायला सगळ्यांनी बसा, चिऊलाही बसव, निम्मे खाईल पण बसव.

आईला नमस्कार, चिऊला पापा.

तुझी धाकटी नणंद

ता. क. तो चपटा डबा अजून आहे का माळ्यावर? असला तर यंदा मेमध्ये त्यात रस भरून ठेव. आम्ही ऑक्टोबरमध्ये येतोय. झाकण मी ठोकणार.