शेव्हेल तपासून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. डेट्रॉइटच्या आसपासच्या आम्हा मराठी गाडीवेड्यांपैकी कुणी जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या जोरदार इंजिनची गाडी, बघायला निघालं, की तुम्ही टॉर्च, छोटा आरसा आणि लोहचुंबक घेऊन हजर असता. शेव्हरोले कंपनीची १९७० ची ती शेव्हेल गाडी तुमच्यामुळेच योग्य भावात मिळाली. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही काय काय तपासलंत तेही इथे लिहितो, म्हणजे पुढे गाडी घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

जाहिरातीत होतं: एसएस ३९६ (शेव्हेलची जोरदार, महागडी आवृत्ती, ३९६ हा इंजिनच्या घनइंचांचा आकडा), पूर्ण रिस्टोअर केलेली, इंजिन मूळचं. तुम्ही रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी डॅशबोर्डवरची नंबरपट्टी वाचलीत. १३६३७ म्हणजे व्ही-८ इंजिनची दोन दारांची मालिबू (शेव्हेलचीच एक आवृत्ती) हार्डटॉप, म्हणजे दारामागे खांब नसलेली पक्क्या छताची, पुढचा ० म्हणजे १९७० आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. त्या वर्षी एसएस हे मालिबूवर जास्तीचे पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं, त्यामुळे या नंबरावरून खरी एसएस ओळखताच येत नाही. पाँटिॲकच्या जीटीओचं तसं नाही, १९६६ ते १९७१ च्या जीटीओच्या नंबरातच २४२ येतं आणि ती ओळखता येते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचा कारखान्यातला तपशील पैसे भरून मिळतो. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरोलेला तशी सोय नाही. मग आधार उरतो बिल्ड शीटचा (गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद), जी बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेली सापडते, किंवा वॉरंटी पुस्तिकेतल्या धातूच्या छोट्या पट्टीचा. इथे दोन्ही नव्हतं.

मग इंजिन. प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक अरुंद सपाट जागा असते. तिथली काजळी तुम्ही फडक्याने पुसलीत आणि टॉर्च तिरपा धरलात. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने कापला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा त्या जागेवर राहतात आणि नंबरांचे ठसे त्या रेघांवर उमटलेले दिसतात. इथे ठसे होते, रेघा नव्हत्या. ओव्हरहॉलमध्ये ब्लॉकचा माथा घासला तरी रेघा जातात, तेव्हा एवढ्यावरून कुणाला लबाड म्हणायचं नाही, असं तुम्ही तिथल्या तिथे बजावलंत. निकाल लावला तो तारखांनी. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, बॉडीपट्टीत ०२सी, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. ब्लॉकवर ओतकामाच्या तारखेत महिन्याचं अक्षर ई, म्हणजे मे. गाडी जुळवून झाल्यावर ओतलेला ब्लॉक तिचा मूळचा असूच शकत नाही.

बॅज ३९६ चा आणि इंजिन ४०२ घनइंचांचं, यात मात्र काही काळंबेरं नाही. शेव्हरोलेनेच बोअर ४.०९४ वरून ४.१२६ इंच केला आणि नाव तेच ठेवलं. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या डिफरन्शियलच्या झाकणाला १२ बोल्ट होते, एसएसला असतात तसे, पण ते धूड कुणीही आणून बसवू शकतो, म्हणून तुम्ही ते पुराव्यात धरलं नाहीत.

पत्र्याचं काम तर आम्ही शिकूनच घेतलं. शेव्हेलचा पत्रा पहिल्यांदा सडतो तो मागच्या काचेच्या खालच्या चौकटीत. क्रोमपट्टीखाली पाणी साचतं, भोकं पडतात आणि पाणी डिकीत झिरपतं. व्हायनिल छत असेल तर आणखी वाईट. रिस्टोअर करणाऱ्याने ती भोकं पुट्टीने बुजवली, की वर्ष-दोन वर्षांत रंगाला फोड येतात. म्हणूनच तुम्ही डिकीतला गालिचा उचलून आरशाने खालून बघितलंत. बाहेरून रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर लावला. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट चालतो, पण आकडा १,००० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे असं समजायचं. मागच्या चाकामागे नेमकं तेच निघालं, आणि तिथे चुंबकही चिकटेना. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ तिथेच आधी लागतं.

बॉनेट हाताला गार लागतंय ना, याची खात्री करूनच गाडी सुरू करायला सांगितलंत, कारण आधीच तापवलेलं इंजिन आपले आवाज लपवतं. इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅम, जुन्या पद्धतीचा फ्लॅट टॅपेटचा आणि नवा असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर त्याला २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर फिरवावं लागतं. आयडलवर सोडला तर कॅमचे उंचवटे (लोब) झिजून जातात. ते कुणी, कसं केलं हा तुमचा प्रश्न विकणाऱ्याला अनपेक्षित होता. ऑइलही जास्त झिंकचं हवं, आजकालच्या गाड्यांचं साधं ऑइल या कॅमला पुरत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का, हे त्यांच्यावरची अक्षरं वाचून ठरवलंत. टायरवरचे शेवटचे चार आकडे होते ०९११, म्हणजे २०११ चा नववा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, तरी चारही टायर बदलायलाच हवेत.

एवढं सगळं होऊन तुम्ही गाडी नाकारली नाहीत, याचं आम्हाला सगळ्यात जास्त कौतुक. चासी सरळ आहे, ब्रेकचं काम नीट झालंय, इंजिन तब्येतीने उत्तम आहे. "चांगली मालिबू आहे, मालिबूच्याच भावात घ्या," इतकंच म्हणालात आणि तपासणीचा कागद विकणाऱ्याच्याही हातात दिलात. भाव उतरला तो त्या कागदामुळे. विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घ्यायची, नाहीतर अपघातानंतर कंपनी घसारा धरून पैसे देते, हेही तुम्हीच सांगितलंत. त्याप्रमाणे पॉलिसी झाली.

आता मागच्या काचेची चौकट कापून नवा पत्रा वेल्ड करायचा आहे. क्रोमपट्टी न वाकवता काढायला तुमचा हात लागेल. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्या निघतात, त्याच्या आत हे काम उरकायचं आहे, तेव्हा सवडीचा दिवस कळवा.

आपले कृतज्ञ,
डेट्रॉइट परिसरातले मराठी गाडीवेडे